वासिंक

“अगं बाई, वासिंक झाला माझा,” ती म्हणाली आणि हसत सुटली.

हेरिंगचा मासा शेपटीला धरून तोंडात सोडायला गेली, तो सटकून कांद्यासकट तिच्याच उघड्या पर्समध्ये पडला. बाई नवीन होती, पश्चिमेकडून बदली होऊन आलेली, पण आमच्या गावची बोली तिने चटकन उचलली होती. गुरुवारच्या बाजारात माझा माशांचा ठेला असतो, त्यामुळे कोण काय बोलायला शिकलं ते मला सगळ्यांच्या आधी कळतं.

“कुणाचा काय झाला?” मी मुद्दाम विचारलं.

“वासिंक. इथे म्हणतात ना असं? की माझं काही चुकलं?”

तिच्या मागे रांगेत माझा धाकटा भाऊ गेर्बेन उभा होता. त्याने माझ्या ठेल्यावरचे दोन कागदी रुमाल ओढून तिच्या हातात दिले.

“बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. “असंच म्हणतात.”

ती आभार मानून गेली. वासिंक हे माणसांचं आडनाव असतं, गेर्बेनचं आहे, लग्नाआधी माझंही होतं, हे तिच्या गावीही नव्हतं. नीट चाललेलं काम आपल्याच हाताने मातीत घालणं म्हणजे वासिंक करणं. दूध उतू गेलं की वासिंक, किल्ली आत ठेवून दार ओढलं की वासिंक. चर्चमधल्या धर्मगुरूने एकदा चुकीच्या नवरीचं नाव घेतलं, तेव्हा पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच तेच म्हणालं होतं.

माझा भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू होता. उजव्या बाजूचा बचावपटू. गावच्याच क्लबात लहानाचा मोठा झाला, गुडघा दोनदा फाडून घेतला, मधे एक वर्ष उत्तरेकडच्या क्लबात बाकावर बसून काढलं आणि परत इथेच आला. कधी कोणाला लाथ घातली नाही, पंचाशी वाद नाही, दारू नाही. आमच्या बाबांचं सायकलींचं दुकान होतं, आजोबांनी काढलेलं. दारावर ठळक अक्षरांत ‘वासिंक’ अशी पाटी. बाबा गिऱ्हाइकाला चाकाची हवा भरून देता देता सांगायचे, “पोरगं नाव काढणार बघा.”

काढलं की. असं काढलं की पुन्हा जागेवर बसवता येईना.

क्लब पहिल्यांदाच वरच्या श्रेणीत जायच्या बेतात होता. सामना बरोबरीत सुटला तरी पुरे होतं, आणि शेवटची दोन-तीन मिनिटं उरली होती. चेंडू गेर्बेनच्या पायाशी, जवळपास चिटपाखरू नाही. दुसऱ्या कुठल्या देशातल्या पोराने तो उचलून थेट प्रेक्षकांत भिरकावला असता आणि रात्रभर बिअर प्याला असता. पण आमच्याकडे पोर चड्डी सावरायला लागल्यापासून त्याला शिकवतात की चेंडू उगाच उडवायचा नाही, मागून शांतपणे बांधत यायचं. उडवणं म्हणजे अडाणीपणा. गेर्बेनने शिकवल्याप्रमाणे, न बघता, शांतपणे चेंडू गोलकीपरकडे मागे दिला. गोलकीपर पास मागायला डावीकडे सरकला होता. चेंडू उजवीकडून गेला, अगदी सावकाश, म्हातारं माणूस संडासला जातं तसा, आणि आमच्याच जाळ्यात जाऊन थांबला.

त्या गोलकीपरचं नाव आज गावात कोणाला आठवत नाही. विमा विकतो, बरं चाललंय त्याचं.

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी पाटी रंगवून घेतली. ‘बेरेंडचं सायकल दुकान’.

“असं का हो केलंत?” मी विचारलं.

“गिऱ्हाईक हसतं,” बाबा म्हणाले. “हवा भरायला येतात आणि म्हणतात, बघा हं बेरेंड, वासिंक नको व्हायला. मी धंदा करू का हे ऐकत बसू?”

“आणि गेर्बेनला काय वाटेल?”

“ते त्याने विचारायचं होतं, पास देण्याआधी.”

गेर्बेन खेळत राहिला. आणखी नऊ हंगाम, त्याच मैदानावर, तेच नाव पाठीवर घालून. दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं होतं, पगारही जास्त होता, पण गेला नाही. मी त्याला वेड्यात काढलं तेव्हा म्हणाला, “हर्मीन, नाव इथे पडलंय. दुसरीकडे जाऊन कसं उचलणार?” त्याला पैसा नको होता, चषक नको होता. लोकांनी एकदा तरी ते आडनाव धड तोंडाने घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग ते डिसेंबरमधलं सिंटरक्लास, भेटी वाटणाऱ्या संताचा सण. दरवर्षी आम्ही बाबांकडे जमतो, चिठ्ठ्या टाकून आपल्या वाट्याला जो येईल त्याच्यासाठी भेट आणायची आणि सोबत चिमटे काढणारी कविता लिहायची. खाली सही आपली नाही, त्या संताची, सिंटची. आणि ज्याला मिळाली त्यानेच ती सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायची, मधे थांबायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही. गेर्बेनने पुडकं सोडलं तर आत शाळेतल्या पोरांचं असतं तसलं होकायंत्र. त्याने कागद उघडला आणि वाचायला लागला.

“सिंटच्या कानी आली वार्ता, गेर्बेन गुणी फार,
धावतो, झटतो, घाम गाळतो, मानत नाही हार.
एवढंच त्याला कळेना की गोल कुठल्या दिशी,
म्हणून सिंटने होकायंत्र घातलं त्याच्या खिशी.
नाव कमावलं आजोबांनी झिजवून आपली काया,
आता वासिंक म्हणजे गावात जे जे गेलं वाया.”

शेवटच्या दोन ओळींना त्याचा आवाज जरा खाली आला, पण थांबला नाही. सगळे हसले. बाबा बशीतली बिस्किटं निवडत बसले होते, अक्षर त्यांचंच आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. घरचा आहेर म्हणतात तो हा.

“आभार, सिंट,” गेर्बेन म्हणाला. तसंच म्हणायचं असतं.

त्याची मुलगी सान्ने तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. सगळे हसतात म्हणून तीही खदाखदा हसली आणि मग बापाच्या मांडीवर चढून म्हणाली, “बाबा, आपलं आडनाव त्या शब्दावरून ठेवलंय का?”

यावर तर लोक डोळे पुसेपर्यंत हसले. गेर्बेनची बायको माइके उठून स्वयंपाकघरात गेली, मीही तिच्या मागे गेले. दोघींनी वाटाण्याचं सूप ढवळलं. ते ढवळायची काही गरज नव्हती.

शेवटचा घरचा सामना आला तेव्हा गेर्बेन चौतीसचा होता. क्लब तीन गोलांनी पुढे होता, आणि पेनल्टी मिळाली. कप्तानाने चेंडू उचलून गेर्बेनच्या हातात दिला. या मैदानावर त्याने कधी गोल केला नव्हता, म्हणजे पलीकडच्या जाळ्यात. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि ‘वासिंक, वासिंक’ असं ओरडायला लागलं. मी बाबांच्या शेजारी होते. मला रडू फुटलं. वाटलं, आज देतायत. उशिरा का होईना, देतायत त्याचं त्याला.

त्याने चेंडू ठेवला, मागे आला, धावला. कोपऱ्यात, वरती, गोलकीपर हललासुद्धा नाही. इतका सुंदर गोल की क्षणभर सगळे गप्प झाले.

त्या शांततेत आमच्या मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, चुकीच्या बाजूला मारलास!”

आणि अख्खं स्टेडियम हसलं. मजेत, प्रेमाने, पोटभर हसलं. यासाठीच तर उभे राहिले होते मेले. त्यांच्यात दुष्ट कोणी नव्हतं, हीच तर पंचाईत होती, दुष्ट असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं. मी बाबांकडे पाहिलं. तेही हसत होते, खांदे हलवत, शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत. गेर्बेनने आमच्या दिशेने हात वर केला होता. तो तसाच थोडा वेळ राहिला, मग त्याने टाळ्या वाजवून प्रेक्षकांचे आभार मानले.

आता तो बाबांच्या दुकानात पंक्चर काढतो. सान्ने दहा वर्षांची झाली आणि क्लबच्या मुलींच्या संघात गोलकीपर म्हणून निवडली गेली. या हंगामाच्या सुरुवातीला क्लबने शर्ट पाठवला, सोबत पाठीवर इस्त्रीने चिकटवायची अक्षरं. मी उरलेला मासा द्यायला गेले होते, तेव्हा दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी होते.

“बाबा, ही नकोत,” सान्ने म्हणाली. “आईचं आडनाव लावायचं. द्रोस.”

“का गं?”

“मी गोलकीपर आहे ना. पाठीवर वासिंक लिहिलं तर मला मागे पास कोण देईल?”

तिने टोमणा मारला नव्हता. आमच्याकडची पोरं मनात येईल ते बोलतात आणि आम्ही त्याला सरळपणा म्हणतो. माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली.

“सान्ने, तुला काही लाज...”

“हर्मीन,” गेर्बेन म्हणाला. “असू दे. बरोबर बोलतेय ती.”

दुसऱ्या दिवशी तो शहरात जाऊन डी, आर, ओ, एस अशी चार अक्षरं घेऊन आला. मला फोन केला, तुझी इस्त्री आण, आमची फार तापते. पण मी पोचेपर्यंत त्याने काम सुरू केलं होतं. शर्टावर भांडी पुसायचा कपडा पसरून एकेक अक्षर दाबत होता, पट्टी लावून, ओळ सरळ धरून. पहिली तीन छान बसली. शेवटचा एस करपून गोळा झाला.

“झाला वासिंक,” सान्ने म्हणाली, आणि मग तिनेच तोंडावर हात ठेवला.

गेर्बेनने करपलेलं अक्षर नखाने खरवडून काढलं. ड्रॉवर उघडून क्लबने पाठवलेलं अक्षरांचं पाकीट काढलं. वासिंकच्या स्पेलिंगमध्ये दोन एस आहेत. त्यातला एक त्याने सोडवला, जागेवर ठेवला, कपडा पसरला आणि माझी इस्त्री हलकेच टेकवली. उचलल्यावर अंगठ्याने कडा चाचपून पाहिल्या. घट्ट बसला होता.

सान्नेने शर्ट खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

“हा त्यातला आहे हे कोणाला कळणार नाही ना?”

“नाही,” गेर्बेन म्हणाला. “कोणालाच नाही कळणार.”

मग त्याने पाकिटात उरलेली अक्षरं नीट सारखी केली, पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि इस्त्रीची वायर गुंडाळायला लागला.