माझ्या पहिल्या पानावरचे नाव

मित्रांनो, मला उलगडणार असाल तर जरा जपून उलगडा. मी एक जुने जच्चा-बच्चा कार्ड आहे आणि मधल्या घडीवर फाटत आले आहे. एका कोपऱ्याला हळदीचे बोट लागले आहे, मागच्या पानावर दुधाचा डाग आहे. बनारसमध्ये बाई गरोदर राहिली की सरकारी नर्स तिच्या नावाने माझ्यासारखे एक कार्ड उघडते. आईचे वजन, रक्त, गोळ्या आणि पुढे बाळाच्या सुया, सारे काही माझ्यावरच लिहितात. नावाला मी कार्ड, पण आहे चांगले जाडजूड पुस्तक.

कुठल्या छापखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. शंभर भावंडांसोबत सुतळीने बांधून मला आरोग्य केंद्रात आणले आणि फिनेलच्या वासाच्या कपाटात ठेवले. तेव्हा मी फार ऐटीत होते. माझ्या आत रंगीत चित्रे होती. एका पानावर डाव्या कुशीवर निजलेली एक बाई होती आणि खाली दुपारी दोन तास आराम करा असे लिहिले होते. मधल्या पानावर बाळाच्या वजनाचा तक्ता होता. हिरवा पट्टा म्हणजे बाळ छान, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे पळा. हे सगळे छापले आहे म्हणजे तसे घडतच असणार, असे मला वाटायचे. कोऱ्या कागदाला दुसरे काय वाटणार?

एका बुधवारी मला कपाटातून काढले. समोर ब्रह्मा घाटावरच्या इंदूकाकू बसल्या होत्या. त्यांच्या घरी महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंची जेवणे होत. मुलगा विश्वेश यात्रेकरूंना दशाश्वमेधावर नेऊन विधी सांगायचा आणि दुपारी त्यांना घरी जेवायला आणायचा. दिवसाला कधी वीस पाने, कधी चाळीस. त्या सगळ्यांच्या पोळ्या नवी सून लाटायची. ती अंबाजोगाईहून लग्न होऊन आली होती आणि आता तिला तिसरा महिना होता.

सुमेधा दीदी म्हणजे तिथली नर्स. तिने पेनाचे टोपण काढले आणि मान वर न करता विचारले, "नाम बोलिए."

"मृणालिनी," इंदूकाकू म्हणाल्या.

सून तेव्हा वजनकाट्यावर उभी होती. तिने मान वळवली, तोंड उघडले आणि परत मिटले. सासू बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, एवढे ती शिकली होती. माझ्या पहिल्या पानावर निळ्या शाईत मृणालिनी असे नाव पडले. मला ते आवडले. लांबलचक, भारदस्त नाव होते.

पण मित्रांनो, तिचे नाव बकुळ होते. मराठी घरांत एक जुनी रीत आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. काही घरांनी ही रीत सोडली, काहींनी ठेवली. इंदूकाकूंच्या घरी ती होती. अंबाजोगाईची बकुळ त्या ताटात मृणालिनी झाली. नाव इंदूकाकूंनीच निवडले होते. पेढे वाटले, तांदूळ उचलून ठेवले, संपले. ना कागद, ना शिक्का. तिच्या आधारवर आणि पासबुकात जी बकुळ होती ती तशीच राहिली आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती पैशांच्या वेळी. पहिल्या बाळाच्या आईला सरकार दोन हप्त्यांत पाच हजार रुपये देते. या दिवसांत बाईने थोडी उसंत घ्यावी, नीट खावे, बाळाला अंगावर पाजायला तिला वेळ मिळावा, म्हणून. त्यासाठी आधार लागते, पासबुक लागते आणि मी लागते. बकुळने मनात हिशेब करून ठेवला होता. तेवढ्या पैशांत पोळ्या लाटायला दोन महिने एक बाई ठेवता येईल. दोन महिने बाळाजवळ बसता येईल. तिची मागणी एवढीच होती आणि तीही तिने फक्त विश्वेशला सांगितली होती.

माघात ऋता जन्मली. अंगाने किरकोळ होती. माझ्या तक्त्यावर पहिला ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडला. सव्वा महिना झाला आणि बकुळ परत पोळपाटापुढे बसली, कारण घाटावर यात्रेकरू उतरले होते आणि पाने मांडायचीच होती. ऋता आतल्या खोलीत रडायची. बकुळ पोळी उलटायची, वाफ दाबायची, पुढची लाटायची. रडणे थांबले की तिला बरे वाटायचे आणि बरे वाटले म्हणून वाईट वाटायचे. मग हळूहळू दोन्ही वाटेनासे झाले.

त्या पैशांसाठी विश्वेशने भरलेला फॉर्म परत आला तो याच दिवसांत. विश्वेशने मला ओट्यावर ठेवले.

"आई, नावं जुळत नाहीत म्हणे. आधारवर एक, कार्डावर एक. फॉर्म वापस केला त्यांनी."

इंदूकाकू मला आणि ऋताला घेऊन सुमेधा दीदीकडे गेल्या. दीदीने हकीकत ऐकली आणि तिला हसू आले.

"हमारे यहाँ तो शादी में बस घर बदलता है, अम्मा. आप लोगों में नाम भी बदल देते हैं?" मग तिने समजुतीने सांगितले, "नाम आपने बोला था. आप एक लाइन लिख दीजिए कि गलत लिखवाया था. मैं यहाँ भी काट दूँगी, रजिस्टर में भी."

एका ओळीचे काम होते. मी दीदीच्या हातातच होते, पेन उघडे होते.

"गलत काहे का?" इंदूकाकू म्हणाल्या. "ये नाम गलत नहीं है."

त्यांनी मला दीदीच्या हातातून घेतले, पिशवीत टाकले आणि त्या उठल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला. कागदाला राग येऊन उपयोग नसतो, पण आला खरा. एवढा कसला हट्ट, असे मला वाटले.

मग दुसरा रस्ता उरला, आधारवरचे नावच बदलायचे. विश्वेश कामाला लागला. लग्नाचा दाखला, वकिलाकडून प्रतिज्ञापत्र, राजपत्रात छापायची नावबदलाची सूचना, एकेका कागदासाठी तो तीन-तीन खेपा घालत होता. पाच हजारांतले निम्मे मिळण्याआधीच खर्च झाले. माझ्या तक्त्यावर महिन्याला एक ठिपका पडत होता. सगळे पिवळ्यात, आणि चौथा तर लालच्या अगदी काठावर. सुमेधा दीदीने त्याभोवती गोल काढला. बकुळने तो गोल पाहिला, मला मिटले आणि कणीक मळायला घेतली. ती रडली असती तर मला बरे वाटले असते.

तिला हाक ऐकू येईनाशी झाली होती. इंदूकाकू दिवसातून वीसदा मृणालिनी म्हणून हाक मारायच्या. कामाला मारायच्या आणि काम नसतानाही मारायच्या. ती आली की म्हणायच्या, "काही नाही, जा." बकुळ तिसऱ्या हाकेला वळायची. मुद्दाम नव्हे. ते नाव तिच्या कानापर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे.

ऋताला पाच महिने झाले तेव्हा कागद पुरे झाले आणि सगळे आधार केंद्रात गेले. विश्वेश, इंदूकाकू, बकुळ आणि पिशवीत मी. अर्ज स्वीकारायची मुदत संपायला वीस दिवस उरले होते. बाकावर गर्दी होती. बकुळ भिंतीकडे तोंड करून ऋताला पाजत बसली होती.

"बकुळ!" खिडकीतल्या मुलीने हाक दिली. "बकुळ कौन हैं?"

बकुळ इतक्या झटकन उठली की ऋताचे तोंड सुटले आणि ती कळवळून रडायला लागली. आजूबाजूच्या बायकांनी पाहिले. इंदूकाकूंनीही पाहिले. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीवरची पकड घट्ट झाली, ती मला कळली.

मुलीने कागद तपासले, नवे नाव टाइप केले आणि पडदा बकुळकडे वळवला.

"देख लीजिए. ठीक हो तो अँगूठा लगाइए."

बकुळने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हात मागे घेतला.

"रहने दीजिए," ती म्हणाली.

"अगं, रहने दीजिए काय?" विश्वेश गडबडला. "तीन महिने परेशान होतोय मी. वीस दिवस राहिलेत. पैसे नकोत का तुला?"

"हवेत."

"मग?"

"लग्न झाल्यापासून मला बकुळ म्हणून आज पहिल्यांदा कुणी बोलावलं. तेही इथं." तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू. बाजारभाव सांगावा तसे ती सांगत होती. "हे एक ठिकाण राहू दे."

आपण काय सोडतो आहोत ते तिला पक्के ठाऊक होते. पोळ्या लाटणारी बाई, ते दोन महिने, ऋताचे दूध. ठाऊक असून तिने अंगठा लावला नाही. तिने ऋताला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि ती दाराकडे निघाली.

त्या दिवशी इंदूकाकूंनी सुनेला एकदाही हाक मारली नाही. मीठ हवे होते तेव्हा स्वतः उठून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेकरूंचा चहा झाला आणि इंदूकाकूंनी मला पिशवीत घातले. कुणाला न सांगता, काठी टेकत, गल्लीगल्लीतून त्या आरोग्य केंद्रात गेल्या. सुमेधा दीदी सुया मांडत होती. इंदूकाकूंनी तिच्याकडे कोरा कागद मागितला, तो माझ्यावर ठेवला आणि लिहायला घेतले. सवय मोडली होती, एकेक अक्षर दाबून लिहीत होत्या. दाबून लिहिले म्हणून मला सगळे कळले.

"बहू का नाम बकुळ है. मृणालिनी मेरा नाम है. मैंने गलती से अपना नाम लिखवा दिया."

दीदीने वाचले आणि चष्मा वर केला. "अम्मा, आपका नाम तो इंदू है न?"

"वो ससुराल का है." इंदूकाकू खाली बघत होत्या. "मिरज में मृणालिनी थी. सत्रह साल थी. यहाँ आई तो इंदू हो गई. वो थे तब इंदू भी कोई बोलता था. अब तो अम्मा, काकू, बस." मग त्या म्हणाल्या, "सोचा, बहू को दे दूँगी तो घर में बोला जाएगा. मुझे नहीं तो न सही. कान पर तो पड़ेगा."

दीदीने माझ्या पहिल्या पानावरच्या नावावर पट्टीने सरळ रेघ मारली, वर बकुळ लिहिले, सही केली, शिक्का मारला. मित्रांनो, पेनाची रेघ कागदाला दुखत नाही. ती दुखली.

अर्ज मुदतीत गेला. दीड महिन्याने पहिला हप्ता बकुळच्या खात्यात आला आणि पाठोपाठ दुसरा. शेजारच्या गल्लीतली गंगा पोळ्या लाटायला येऊ लागली. दुपारी पाने मांडली जात तेव्हा बकुळ आतल्या खोलीत ऋताजवळ असायची. ठिपके वर चढू लागले. हिरव्यात आले ते जेमतेम, पण आले. बकुळ फार हसायला लागली असे नाही. मात्र इंदूकाकू आता बकुळ म्हणायच्या, आणि ती पहिल्या हाकेला वळायची.

नऊ महिन्यांची सुई होती तेव्हाची गोष्ट सांगते आणि थांबते. बाकावर इंदूकाकू ऋताला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शेजारी बकुळ होती आणि मी तिच्या हातात. सुमेधा दीदीने आठवणीने, मुद्दाम, चांगल्या मनाने हाक मारली.

"मृणालिनी अम्मा, आइए. बच्ची को लाइए."

इंदूकाकू बसूनच राहिल्या. दीदीने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. इंदूकाकूंनी मान वळवून मागे पाहिले, कोण बाई उठते आहे ते. कुणीच उठेना. त्या ऋताच्या झबल्याची नाडी बांधत राहिल्या.

बकुळने त्यांच्या खांद्याला हात लावला. "आई," ती म्हणाली, "तुम्हाला बोलावतायत."

मित्रांनो, मी आता कामाचे उरले नाही. ऋताच्या सगळ्या सुया झाल्या, माझी पाने भरली. मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. कागद फाटला तर दुसरा मिळतो. पण घरातल्या बाईच्या वतीने तुम्ही तिचे नाव सांगू नका. तिला विचारा, ती बोलेपर्यंत थांबा, आणि जे सांगेल त्या नावाने तिला रोज हाक मारा. चाळीस वर्षांनी मारलेली हाक पोहोचत नाही, हे मी पाहिले आहे.