सोयरिकीसाठी लपविलेला आजार

सन १९९६ च्या माघातील ती सकाळ. बाळकुमच्या कोळीवाड्यात मंजुळा ओट्यावर कोलंबी सोलीत बसली होती. सुजेने पायांतील जोडवी बोटांत रुतली होती. परंतु आज लेकीचा, चित्राचा साखरपुडा, म्हणून ती माउली निमूट होती.

दिवाळीतच इस्पितळातील डॉक्टरांनी बजावले होते, "बाई, मधुमेहाने लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. मूत्रपिंडे धोक्यात आहेत. रक्तातली चरबीही वाढली आहे. साखरेची गोळी आणि चरबी उतरविणारी गोळी, दोन्हींत खंड पाडू नका."

परंतु नणंद आवडाबाईने दोन्ही गोळ्या बंद पाडल्या. "पोरीचं लगीन व्हईस्तोवर घरान गोळी दिसाची नाय गो! कळव्याची, नवऱ्याकडची मानसं बोलतील, आयशीला साखर, उद्या पोरीला!" नवरा दामाजीने मान खाली घातली, आणि मंजुळेने आपले आयुष्य लेकीच्या सोयरिकीवरून ओवाळून टाकले.

दुपारी पाहुणे आले. रिवाजाप्रमाणे वराची आई मनुबाई विहिणीला पेढा भरवू लागली. मंजुळा क्षणभर थबकली.

"घ्या विहीनबाई! आमचे घरचा पेढा कडू हाय काय?" सारे हसले.

मंजुळेने तोंड उघडले, तोच चित्राने मनुबाईचा हात धरला. "मावशी, नको. आईला साखर हाय."

"गप गो कार्टे!" आवडाबाई कडाडली. "साखर कसली? उपासाची अशक्ती हाय ती!"

"अशक्ती नाय, आत्या. आईची किडनी खराब व्हतेय. माझ्या लग्नापायी तुम्ही तिच्या गोळ्या बंद केल्या. आईचा जीव घेऊन मला लगीन नाय करायचं!"

वराचा काका दौलत टोपी सावरीत उठला. "फसवलंत आमाला. चला, वहिनी!"

पुरुष अंगणात उतरले. मनुबाई मात्र उंबऱ्याशी रेंगाळली. मंजुळेच्या कानाशी वाकून तिने दबल्या आवाजात विचारले, "डाक्टर कुठला गो तुझा? मला बी हाय. घरान कुनाला ठावं नाय."

बाहेरून हाक आली, आणि ती पदर सावरून चालू लागली.

सोयरीक मोडली. आवडाबाईने कपाळ बडविले. मंजुळा मात्र भिंतीचा आधार घेत उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "चित्राचे बाबा, औषधाचं दुकान उघडं असंल. दोन्ही गोळ्या आना. आन् पुढल्या दारानं जा, समद्यांच्या देखत."

दामाजी उठला आणि पाहुण्यांच्या मागोमाग त्याच वाटेने चालू लागला.

वाचकहो, अशा किती मनुबाई आज कोणाच्या तरी मागून मुकाट चालत असतील? त्यांतली एखादी आपल्याच घरची तर नाही ना?