दोन नळ्यांमधलं अंतर

नवरा गेल्यावर सुकरी जव्हारच्या कचेरीत पाणी भरायला लागली. झऱ्यावरून आणलेली पहिली कळशी मागच्या माळावर न्यायची. तिथे चार खांबांवर झडपांची एक पांढरी पेटी उभी होती आणि तिच्यात पाऱ्याच्या दोन नळ्या टांगलेल्या होत्या. एका नळीच्या टोकाला मलमलची पट्टी गुंडाळलेली, पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत. वामनराव कारकून स्वतःच्या हाताने वाटी भरायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. सुकरीने कळशी ठेवून बाजूला व्हायचं, पेटीला हात लावायचा नाही.

वामनराव तसे बोलके होते. ओलं लुगडं वाऱ्यावर अंगाला गार लागतं, तशी ही ओली नळी गार पडते, असं त्यांनी तिला एकदा समजावलं होतं. हवा कोरडी असली की पट्टीतलं पाणी भराभर पिते, मग ओल्या नळीतला पारा खाली राहतो. हवेचं पोट भरलेलं असलं की ती पाणी घेत नाही आणि दोन्ही पारे एका रेघेवर येतात. तीच भरलेली हवा समुद्राकडून येऊन घाट चढते, वर गार होते, धुळीच्या कणाकणाला धरून तिचे थेंब बनतात, त्यालाच आपण ढग म्हणतो. सुकरीला हे पटलं. जूनमध्ये पाऊस लागला होता तेव्हा झडपांच्या फटीतून दोन्ही पारे शेजारीशेजारी उभे असलेले तिने पाहिले होते.

ते साल १९१८. आषाढ लागला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. ढग यायचे, पांढरे आणि उंच, आणि मोखाड्याकडे निघून जायचे. नळ्यांमध्ये सहा रेघांचं अंतर पडलं. जामसरला तिचा भाऊ लहान्या आणि भावजय रुपी राबातलं, म्हणजे भाजलेल्या वाफ्यातलं, भाताचं रोप डोहातलं पाणी घालून कसंबसं जगवत होते. रोप राबात होतं तोवर तग धरून होतं. उपटून खाचरात लावलं की त्याला पाऊस हवाच. लहान्याने बहिणीला सांगून ठेवलं होतं, नळ्या एक झाल्या की ये.

मग वामनराव हिवतापाने पडले. सुकरी रोज कळशी ठेवत राहिली. पाचव्या सकाळी तिने फटीतून पाहिलं. दोन्ही पारे एका रेघेवर होते. तिने खाली बसून पुन्हा पाहिलं, उभी राहून पुन्हा पाहिलं. कळशी तिथेच टाकून ती जामसरची वाट चालू लागली.

लहान्या राबाच्या बांधावर होता.

"उपट," ती म्हणाली. "हवा भरली."

त्याने वर पाहिलं. आभाळ कालच्यासारखंच होतं. पण बहीण कचेरीतून आली होती आणि खोटं कधी बोलली नव्हती. दोन दिवस तिघांनी वाकून रोप खाचरात लावलं, आवणी केली. खाचरातली उरलीसुरली ओल तेवढ्यासाठी पुरली.

चौथ्या दिवशी रोपांचे शेंडे पिवळे पडले.

सुकरी जव्हारला परतली तेव्हा वामनराव घोंगडी पांघरून पेटीजवळ उभे होते. तिने नळ्या एक झाल्याचं सांगितलं, आवणीचंही सांगितलं.

"सुकरे, वाटीत पाणी होतं का?"

तिने वाटीकडे पाहिलंच नव्हतं.

"पट्टी सुकली की ती नळीही दुसरीसारखीच कोरडी. मग अंतर कसं पडणार? हे तुला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

त्यांनी वाटी भरली. थोड्या वेळाने पारा उतरला. आता आठ रेघांचं अंतर होतं.

ती त्याच पावली जामसरला गेली. लहान्या मडक्याने एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालत होता. वाटी कोरडी होती, पाऊस येणारच नव्हता, हे तिने त्याला उभ्याउभ्या सांगितलं. तो पाणी घालत राहिला.

"आन आता काय दाखवतंय?"

"आठ रेघा."

"म्हंजे?"

"म्हंजे नाय."

त्याने मडकं बांधावर ठेवलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आठवड्याने लहान्या आणि रुपी लाकूडतोडीला वाडा गावाच्या बाजूला निघाले. रुपीने गाडगी घोंगड्यात बांधली आणि सुकरीकडे न बघता चालू लागली. दोघं वळणाआड गेल्यावर सुकरी खाचरात उतरली. एक रोप धरून तिने ओढलं. ते सहज हातात आलं. मुळाला माती चिकटलेली नव्हती. तिने दुसरं ओढलं, मग तिसरं, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत ती ओढत राहिली.