घाट उघडा असेपर्यंत

मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता माझ्या टाकीतले पेट्रोल उपसले, बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि मला लाकडी खोक्यात उभे करून पट्ट्यांनी आवळले. साडेसातला झाकण ठोकले. आठ वाजता खोके ट्रकवर चढले.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. वय एकतीस. बटण दाबून सुरू होण्याची सोय माझ्यात नाही. किक मारल्याशिवाय मी जागची हलत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीमुळे घडले.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. भूगोलाच्या एका शिक्षकांनी मला विकत घेतले. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. सव्वीस वर्षे मी त्यांना शाळेत नेले, आणले. शाळा सुटली की मुले फाटकाशी जमत आणि सरांच्या किका मोठ्याने मोजत. चौथ्या किकेला मी सुरू झाले की टाळ्या पडत. पहिल्याच किकेला सुरू झाले तर मुले हिरमुसत. तेवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

सर निवृत्त झाले आणि मी शेडमध्ये गेले. सरांच्या पत्नी लग्नाचे पोशाख शिवतात. पाच वर्षे माझ्या सीटवर त्यांचे कापडाचे गठ्ठे होते. मापे द्यायला आलेल्या मुली माझ्या आरशात केस नीट करीत, तेवढाच माझा उपयोग. साखळी गंजली. सीटच्या फोमात उंदरीण बाळंत झाली. मी तक्रार करीत नाही, फक्त नोंद करते आहे.

यंदा जानेवारीत सर दवाखान्यातून आले ते थेट शेडमध्ये.

“गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात,” ते म्हणाले. “त्यानंतर किक मारायची नाही. कधीच.”

“बरं, मग?” बाईंनी विचारले.

“मग तो घाट राहिलाच की.”

तो घाट परदेशात होता. त्रेचाळीस वळणे, माथ्यावर एक खानावळ. लग्न झाल्यापासून तो दोघांच्या बोलण्यात होता आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होता.

बाईंनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या. “राहिला कशाला? नोव्हेंबर लांब आहे. गठ्ठे उतरवा आधी.”

मेकॅनिकने माझे इंजिन खोलले. मला दुरुस्त करायला तीन आठवडे लागले, पण महिना ठरवायला त्याहून जास्त. सरांनी माझ्या सीटवर आलेखाचा कागद पसरला. तापमान, पाऊस, दिवसाची लांबी, अशा तीन रंगांच्या तीन रेघा. निकाल लागला: मे.

“मेमध्ये माझी लग्नं असतात,” बाई म्हणाल्या. “नवरीला काय सांगू, बाही आल्यावर लावते?”

“अगं, सरासरी बघ. सतरा अंश! चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी.”

“अहो, पण ही सरासरी घाटाची की खालच्या गावाची?”

सरांनी कागदाचे शीर्षक पुन्हा वाचले. आकडे खालच्या गावाचे होते.

बाईंनी सरळ माथ्यावरच्या खानावळीला फोन लावला आणि मोडक्यातोडक्या परभाषेत विचारले, की गेल्या मेमध्ये तुमच्या खिडकीतून काय दिसत होते. फोन ठेवून त्या हसत सुटल्या.

“खानावळवाली म्हणाली, खिडकीच दिसत नव्हती. जूनच्या शेवटापर्यंत बर्फ उपसतात म्हणे.”

“मग जुलै,” सर म्हणाले.

मेकॅनिक माझ्याखालून बोलला, “सर, जुलैत तिथं मोटारींची रांग लागत असेल. चढावर थांबत थांबत नेली की ही तापणार. तापली की दहा किका. गुडघा तुमचा आहे.”

राहिला सप्टेंबर. गर्दी ओसरलेली, ऊन मऊ. फक्त पहिले बर्फ कधी पडेल ते आपल्या वडिलांनाही कधी सांगता आले नाही, असे खानावळवालीने बजावले होते. जहाजाला चाळीस दिवस लागतात, म्हणून मला जुलैच्या अखेरीसच बांधले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल. तिचे फडताळ करू नका. आठवड्यातून एकदा तरी तिला सुरू करा, साखळीला तेल द्या. आणि कुठे जायचे असेल तर आकडे जरूर बघा, पण तिथे राहणाऱ्या माणसालाही विचारा. खिडकी त्याची असते.

जहाज परदेशातल्या बंदराबाहेर नऊ दिवस रांगेत उभे राहिले. अठरा सप्टेंबरला, गुरुवारी, मी गोदामात उतरले. आज शुक्रवारी तपासणीसाठी खोक्याच्या दोन फळ्या काढल्या. फटीतून सर दिसले, बाई दिसल्या. बाईंनी हातमोजेसुद्धा चढवले होते.

कारकून म्हणाला, “शिक्का मारणारे साहेब सोमवारी येतील.”

“तुमचे साहेब सोमवारी येतील हो,” बाई म्हणाल्या, “पण बर्फ सुट्टीवर नाही ना!”

कारकून हसला, पण शिक्का त्याच्याकडे नव्हता. सरांनी फटीतून हात घालून माझी टाकी थोपटली.

पावणेचारला खानावळवालीचा फोन आला. काल संध्याकाळी माथ्यावर पहिले बर्फ पडले. बोटभर. रस्ता अजून उघडा आहे.

चार वाजता गोदामाला कुलूप लागले.