सारख्याच बाटल्या

दादा होमिओपॅथीचा डॉक्टर आणि ती आरोग्य खात्यात आकडेवारीचं काम बघणारी. आईवडील गेल्यावर दोघांना एकमेकांशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिनं लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली. दर रविवारी दुपारी तो तिच्याकडे जेवायला यायचा आणि तिच्या खात्याची यथेच्छ टिंगल करायचा.

त्या वर्षी डेंग्यूनं शहराची झोप उडवली. दादानं काही वस्त्यांमध्ये घरोघर प्रतिबंधक गोळ्या वाटल्या आणि बघता बघता साथ ओसरली. दादाचा उदोउदो झाला. गोळ्या सगळ्या शहराला द्या, अशी मागणी वर गेली आणि साहेबांनी कागद तपासायला तिच्यापुढे ठेवले.

"भावाचं प्रकरण आहे. अवघड वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला देतो."

"दुसरं आहे कोण, साहेब?"

साहेबांनी रिकाम्या टेबलांकडे पाहिलं आणि ते आत गेले.

तिनं आकडे मांडले. गोळ्या न वाटलेल्या वस्त्यांमध्येही साथ तशीच ओसरली होती. हवा गार झाली होती, डासच कमी झाले होते. शिवाय गोळ्या देता देता दादाची माणसं घरोघरची पिंपं उपडी करत होती. मग गुण नेमका कशाचा?

रविवारी तिनं भीत भीत विषय काढला.

"म्हणजे माझ्या गोळ्या फुकट?" दादा म्हणाला.

"तसं नाही म्हणत. गोळ्यांमुळेच झालं, असं यातून दिसत नाही."

"दुसऱ्या खेपेच्या गोळ्या न्यायला जे दवाखान्यात आले, त्यातल्या एकालाही डेंग्यू झाला नव्हता!"

"ज्यांना झाला ते तुझ्याकडे कशाला येतील, दादा? ते इस्पितळात होते."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मग घे परीक्षा. माझं औषध आणि साध्या साखरेच्या गोळ्या, सारख्याच बाटल्यांत. मी काही घाबरत नाही."

पुढच्या मोसमात तसंच झालं. लोकांना सगळं सांगून, विचारून बाटल्या दिल्या. कुणाच्या बाटलीत काय, हे ना त्याला ठाऊक ना तिला; ती यादी साहेबांच्या कपाटात बंद होती. ताप आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं जाई. दोघं संध्याकाळी मिळून घरोघर चौकशीला जात, कुत्रं मागे लागलं की दादा बहिणीला पुढे करी. इतकं चालणं, इतकं हसणं लहानपणानंतर पहिल्यांदाच होत होतं. हा मोसम संपूच नये, असं तिला वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

मोसम संपल्यावर साहेबांच्या खोलीत ती यादी उघडली. दोन्हीकडे आजारी पडलेली माणसं जवळपास सारखीच होती. दादानं चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला.

"आकडे बरोबर आहेत?"

"हो."

"मग तसंच लिही." त्यानं सही केली. दारापाशी थांबून हळूच म्हणाला, "थोडा तरी फरक निघेल असं वाटलं होतं गं."

मलाही वाटत होतं, असं तिच्या ओठांवर आलं, पण तोवर तो जिना उतरला होता.

त्या रविवारी तिनं दोघांचा स्वयंपाक केला. पेशंट आहे, असा त्याचा फोन आला. पुढच्या रविवारी फोनही आला नाही. भांडण झालं असतं तर तिनं मिटवलं असतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. दवाखान्यात तो स्वतःच सांगतो, डेंग्यूसाठी माझ्याकडे गोळी नाही, पाणी झाका, हे तिच्या कानावर आलं. तिचा ऊर भरून आला. पण सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं तो बोलत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बेल वाजली. दारात दादा, हातात टॉर्च. केस बरेच पिकले होते.

"घरात पाणी कुठे साठलंय का?"

ती बाजूला झाली. त्यानं गॅलरीतल्या कुंड्या पाहिल्या. फ्रिजमागचा ट्रे ओढला. त्यात पाणी होतं. त्यानं ते ओतून ट्रे नीट पुसला.

"यातही डास होतात. दर आठवड्याला बघत जा."

"चहा टाकू?"

"अजून बरीच घरं राहिलीत."

त्यानं चपला घातल्या. शेजारच्या दाराची बेल वाजली. शेजारीण काहीतरी बोलली आणि दादा मोठ्यानं हसला. ती उघड्या दारात तशीच उभी राहिली, तो वरच्या मजल्यावर जाईपर्यंत.