खुर्चीचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जेवायला बसायची नव्हे, आणि साहेबांची तर मुळीच नव्हे. मी केस कापायच्या दुकानातली लोखंडी, फिरती खुर्ची आहे. माझ्या पायाशी एक दांडी आहे. ती दाबली की मी कुरकुरत वर चढते. कुरकुर हा माझा स्वभावच आहे, तेव्हा पुढे कुठे कुरकुरले तर मनावर घेऊ नका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोके आठवतात आणि रंगाचा वास आठवतो. पुढे एका मोठ्या दुकानात काही वर्षं गेली. ते दुकान बंद पडलं तेव्हा अण्णांनी मला हातगाडीवर घालून आपल्या छोट्याशा दुकानात आणलं. दुकान म्हणजे एक खोली, एक आरसा, एक बाकडं आणि आता एक मी.

अण्णांना दोन मुलं. थोरला दादा गाड्यांच्या गॅरेजात जायला लागला. धाकटी ताई. तिच्या उजव्या पायातली ताकद लहानपणीच्या तापात गेली होती. पायाला पट्ट्यांचा आधार आणि हातात काठी, अशी ती दुकानात यायची आणि बाकड्यावर बसून अण्णांचे हात बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "मलाही शिकवा."

अण्णा म्हणाले, "कात्रीला एक हात, कंगव्याला एक हात. मग काठी कशाने धरशील?"

त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण ताईने हट्ट सोडला नाही. अण्णा जेवायला घरी गेले की ती माझ्याभोवती घुटमळायची. इथे टेकून बघ, तिथे टेकून बघ. शेवटी तिला जागा सापडली. माझ्या डाव्या हाताशी उभं राहायचं, उजवी कंबर त्या हातावर टेकवायची आणि सगळा भार माझ्यावर टाकायचा. दोन्ही हात मोकळे. अण्णांनी परत आल्यावर ते पाहिलं आणि ते स्वतःच खुर्चीत बसले. तिने कापलेले ते पहिले केस. मागून जरा तिरके झाले होते, पण अण्णा महिनाभर तसेच मिरवत फिरले.

बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाभोवती फिरतात. ताई जागची हलायची नाही, गिऱ्हाइकाची मानच फिरवायची. "मान खाली. आता इकडे. थोडी अजून." पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर म्हणायचे, "मी केस कापायला येतो, मानेचा व्यायाम फुकटात होतो." डोक्यावर फारसं काही उरलेलं नसतानाही ते नेमाने यायचे.

अशी वर्षं गेली. अण्णा थकले आणि घरी बसले, दुकान ताईचं झालं. रोज एकाच जागी भार घेऊन माझा डावा हात हळूहळू वाकला. खाली झुकला, जरासा बाहेर कलला, वरचं कातडं घासून गुळगुळीत झालं. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, ही खुर्ची मोडली आहे का?" ताई हसायची आणि म्हणायची, "तुम्ही बसा तर." मला त्या वाकडेपणाचं कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा तोराच होता.

मग ती साथ आली. शटर खाली ओढलं गेलं, माझ्या अंगावर चादर पडली. अंधारात माझ्या सांध्यांना गंज चढला आणि उंदरांनी गादीतला कापूस पळवला. बाहेर लोक घरच्या घरी एकमेकांचे केस कापायला शिकले. दुकानं उघडायची परवानगी मिळाली तरी लोक येईनात. केस काही लांबून कापता येत नाहीत, आणि जवळ यायला तर प्रत्येकजण घाबरत होता. ताई टेकून उभी राहणार म्हणजे गिऱ्हाइकाच्या खांद्यालाच लागणार. आलेले दोघे-तिघेही अंग चोरून बसले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

पोट काही थांबत नाही. ताईने घरबसल्या फोन घ्यायचं काम धरलं. लोकांची पार्सलं कुठे अडकली ते सांगायचं. काम बसून होतं, पायाला बरं होतं. "दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, आणि एकाचंही तोंड दिसत नाही," असं ती दादाला म्हणाली. तिथल्यांनी तिला कायमचं काम देऊ केलं, पण पूर्ण दिवसाचं. म्हणजे दुकान सोडायचं. ताईने विचार करायला थोडी मुदत मागितली आणि ठरवलं, एकदा दुकान नीट उघडून बघायचं. जमलं तर ठीक, नाहीतर फोन.

दादाला हे कळलं आणि त्याला राहवलं नाही. बहिणीला न सांगता त्याने मला गॅरेजात नेलं. गंज खरवडला, तेलपाणी केलं, नवी गादी बसवली. आणि माझा डावा हात तापवून, ठोकून, उजव्याच्या बरोबरीने सरळ केला. पुन्हा वाकू नये म्हणून खालून जाड पट्टीही जोडली. "आता हत्ती टेकला तरी वाकायची नाही," असं तो आपल्या जोडीदाराला अभिमानाने सांगत होता. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. पण खुर्चीला तोंड नसतं.

ताईने मला पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती छान केलीस, दादा," ती म्हणाली. हात सरळ झालाय हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तुम्ही रोज ज्या पायरीवरून चढता ती कधी निरखून बघता का? तसंच ते.

पहिले आले मास्तर. नव्या गादीवर ऐसपैस बसले, दोन्ही हात टेकवले. ताई सवयीने टेकली. पण टेकायची जागा होतीच कुठे? हात उंच, निसरडा, वर मास्तरांचं कोपर. तिची कंबर सटकली, तोल गेला आणि केस कापायचं मशीन मास्तरांच्या कानावरून थेट टाळूपर्यंत फिरलं. मध्ये एक पांढरा रस्ता पडला.

ताईने मला धरून स्वतःला सावरलं. मग दुसरा इलाज नव्हता म्हणून मास्तरांचं सगळं डोकंच बारीक केलं. मास्तर म्हणाले, "बरं झालं, कंगव्याचा खर्च वाचला." ते टोपी घालून गेले. पण ताईला हसू आलं नाही.

तिला वाटलं, पाय गेला. इतके दिवस बसून उरलीसुरली ताकदही संपली. संध्याकाळी तिने दादाला सांगितलं, "मला आता उभं राहवत नाही. मी फोनचंच काम घेते." कॉफीच्या दुकानाचा एक मालक माझ्यावर डोळा ठेवून होता. त्याला मी दारात ठेवायला हवी होते, लोकांनी बसून फोटो काढावेत म्हणून. ताईने त्याला होकार कळवला. तो उद्या येणार होता.

माझं काय होणार याची मला काळजी होतीच, खोटं कशाला बोलू. पण ताई आपल्या पायाला दोष देत होती आणि दोष माझ्या हाताचा होता, हे मला जास्त लागलं. इतकं साधं होतं ते, आणि सांगायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर हजर. टोपी काढून खुर्चीत बसले.

"मास्तर, कापायला काय शिल्लक आहे?" ताई म्हणाली.

"मिशी आहे की."

"नको. माझा भरवसा राहिला नाही. पाय धरत नाही आता."

"मिशीने काय बिघडणार आहे? बिघडली तर काढून टाकू." मास्तरांनी दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले. मग डावा उचलला. मांडीवर ठेवला. पुन्हा वर ठेवला. "एक विचारू का, ताई? या डाव्या हाताचं मी काय करायचो गं?"

"म्हणजे?"

"कालपासून डोक्यात घोळतंय. इतकी वर्षं आलो, पण डावं कोपर मी इथे कधी टेकवलंच नाही. नेहमी मांडीवर. इथे तू असायचीस. काल मात्र जागा मोकळी होती आणि मी खुशाल पसरलो."

ताईने काठी बाजूला ठेवली. माझ्या डाव्या हातावरून तळवा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. मग उजव्या हाताशी ताडून पाहिलं. खाली वाकून ती जाड पट्टी चाचपली. आणि मटकन बाकड्यावर बसली.

"पाय नाही," ती म्हणाली. "मास्तर, पाय नाही गेला."

तिने दादाला फोन करून बोलावलं. दादा आला, ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. "वाकडं होतं म्हणून सरळ केलं गं."

"वाकडं नव्हतं ते, दादा. मी तशी उभी राहते."

दादाने माझा हात एकदा चाचपून पाहिला. मग गॅरेजात जाऊन अवजारं घेऊन आला. पट्टी कापून काढली. लोखंडी नळी माझ्या हातात अडकवून त्याने जोर लावला. तेवढ्यात कॉफीवाला दारात आला आणि हे दृश्य पाहून त्याने कपाळाला हात लावला. "अहो, ही तर चांगली होती."

"आता होतेय," मास्तर म्हणाले.

दादा वाकवायचा, ताई टेकून बघायची. "अजून खाली. थोडं बाहेर. नाही, एवढं नाही." कितीदा तरी झालं. दादा घामाघूम. शेवटी ताई टेकली आणि तिने दोन्ही हात हवेत मोकळे सोडले. पडली नाही.

"जमलं का अगदी पहिल्यासारखं?" दादाने विचारलं.

"जवळजवळ," ताई म्हणाली. "बाकीचं मी वाकवीन. वर्षं आहेत." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. फोनचं काम ताईने अर्ध्या दिवसाचं मागून घेतलं आणि पुढे गरज संपल्यावर सोडलं. तिथे शिकलेलं बोलणं कामी आलं. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले, ज्याला त्याला वेगळी वेळ दिली, म्हणजे दुकानात गर्दी नको आणि भीतीही नको. जे आले त्यांना टेकण्याआधी ती विचारू लागली, "मी इथे उभी राहिले तर चालेल ना?" बहुतेक जण कोपर काढून घेतात. पूर्वीइतकी गर्दी अजून नाही, पण बाकडं आता रिकामं नसतं.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी झिजलेली, वाकलेली वस्तू असेल. तिची धूळ पुसा, सांध्यांना तेल घाला, आम्हाला ते आवडतं. पण तिला सरळ करायला घेण्याआधी, तिच्यावर कोण टेकतं ते बघा आणि त्या माणसाला विचारा. मला विचारून उपयोग नाही, मला बोलता येत नाही. ताईला येतं.