कुंचीचं निळं कापड

"रघुपतीअण्णा, स्वल्प बाहेर येता का?" दारातून विद्याधर कुलकर्णी हळूच म्हणाले.

आत बारसं रंगात आलं होतं. चामराजपेटेतल्या त्या दोन खोल्यांत पाळण्याभोवती बायका दाटल्या होत्या आणि रघुपती शिंपी हुबळीहून आलेल्या व्याह्यांना, खंडोजींना, पेढा भरवत होता. निवडणूक कचेरीतला कारकून आपल्या नातवाच्या बारशाला आला, या कल्पनेनेच त्याची छाती फुगली.

"या, या! तुम्ही कुलकर्णी, आम्ही शिंपी. एक सोनार आला की म्हण पुरी!"

"यांची संगत नको रे बाप्पा!" खंडोजींनी जोड दिली. सगळे हसले. कुलकर्णी तेवढे हसले नाहीत.

"मतदानाचे पडदे शिवलेत ना तुम्ही, त्यातले उरलेले तुकडे हवे होते."

"तुकडे? अहो, बेतून उरलं ते शिंप्याचं. माझ्या आजोबापासून चालत आलंय. कोण मागतं?"

"गिऱ्हाइकाचं वेगळं, अण्णा. हे कापड लोकांच्या पैशातून घेतलेलं. निवडणुकीच्या खर्चातली चिंधीसुद्धा निवडणुकीलाच लागली पाहिजे, असा नियम आहे. साहेब म्हणतात, तुकडे नसतील तर चोरी झाली असं लिहा."

चोरी हा शब्द त्यांनी अगदी हलक्या आवाजात उच्चारला. पण बायकांचा पाळणा गाऊन नेमका तेव्हाच संपला होता.

साऱ्या नजरा पाळण्यात गेल्या. बाळाच्या डोक्यावर निळीभोर कुंची होती. सकाळपासून रघुपतीनेच येईल त्याला ऐकवलं होतं, "बासष्टच्या निवडणुकीचं कापड आहे, विटायचं नाही!" शिंप्याच्या घरात उरल्या तुकड्यांचं नातवाला काही शिवलं, तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्यालाही वाटलं नव्हतं.

कुलकर्णींनी कुंची पाहिली आणि ते एकदम चपला शोधू लागले. "राहू द्या. मी काही पाहिलं नाही. सांगतो उंदरांनी खाल्ले म्हणून."

रघुपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल मिसरूड फुटलेला हा कारकून आता आपल्यासाठी खोटं बोलणार! खंडोजी मान खाली घालून सुपारी कातरत होते. त्यांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं, ते तर त्याला सोसेना.

"तानू, कुंची काढ त्याची," तो लेकीला म्हणाला.

"अण्णा! बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगावरचं?"

"उद्या द्या की हो," त्याची बायको गोदूबाई मध्ये पडली. "मेलं सरकार कुठे पळून चाललंय?"

"काढ म्हणतो ना!"

बाळ दचकून रडायला लागलं. तानूने कुंची काढून बापाच्या हातात दिली, बाळाला पदरात गुंडाळलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

रघुपती मशीनपाशी बसून कुंची उसवू लागला. तुकडे घेतले होते, तुकडेच परत द्यायचे. एका तुकड्याला बाळाचं काजळ लागलं होतं. गोदूबाई धुऊन देते म्हणाली, पण तेवढाही वेळ त्याला ते कापड घरात नको होतं.

"सरी, ठीक आहे," कुलकर्णी पुटपुटले आणि पुरचुंडी घेऊन गेले. पेढा त्यांनी घेतला नाही, कुणी आग्रहही केला नाही.

मतदानाच्या दिवशी रघुपती शाळेतल्या रांगेत उभा राहिला. टेबलामागच्या माणसाने त्याचं बोट धरलं आणि शाई लावण्याआधी ते एका निळ्या चिंधीने पुसलं. चिंधीच्या कडेला उसवलेल्या टाक्यांची भोकं होती. कोपऱ्यात काजळ होतं.

"काय झालं, अण्णा? पुढे व्हा."

"काही नाही."

मतपत्रिका घेऊन तो स्वतःच शिवलेल्या पडद्याआड गेला. तिथे कुणी बघत नव्हतं. त्याने धोतराच्या सोग्याने आधी डोळे पुसले, मग शिक्का उचलला.